दूध खारट होतं तेव्हा

महिन्याभराचं बाळ. कालपर्यंत दोन्ही बाजूंना सारख्याच अधाशीपणे प्यायचं. आज डावीकडे घेतलं की दोन घोट घेतं, तोंड वेंगाडतं आणि मान फिरवून रडायला लागतं. उजवीकडे घेतलं की निमूट पितं. आईच्या डाव्या स्तनात एक कडक, दुखरा भाग हाताला लागतोय, वरची कातडी लालसर आणि गरम झालीये, आणि संध्याकाळपासून तिला हुडहुडी भरलीये. घरातली जाणती बाई म्हणते, "दूध साकळलंय." बाळाची तक्रार मात्र वेगळी आहे आणि तीही शंभर टक्के खरी आहे. डाव्या बाजूचं दूध खारट झालंय.

खारट म्हणजे खरोखरच मिठाने खारट. निरोगी आईच्या दुधात सोडियम असतं लिटरमागे साधारण 5 ते 7 मिलिमोल. तिच्या रक्तात असतं 140 च्या आसपास, म्हणजे वीसपट किंवा त्याहून जास्त. दुधाचा सगळा कच्चा माल तर रक्तातूनच येतो. मग एवढं मीठ अडतं कुठे? रक्त आणि दूध यांच्यामध्ये जी भिंत आहे ती फक्त एका पेशीच्या जाडीची आहे. दूध बनवणाऱ्या पेशी एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि दोन पेशींमधली फट प्रथिनांच्या टाक्यांनी शिवलेली असते. गरोदरपणात हे सांधे सैल असतात, म्हणून पहिला चीक पुढच्या दुधापेक्षा खारट असतो. बाळंतपणानंतरच्या दोन-चार दिवसांत सांधे घट्ट होतात आणि दूध गोड होतं. स्तनाला सूज आली, की तेच सांधे पुन्हा सैलावतात. रक्तातलं मीठ दुधात उतरतं, दुधातली साखर रक्तात निसटते. बाळाच्या जिभेला कळतं ते हे.

आपल्या गोठ्यांना ही गोष्ट केव्हाची ठाऊक आहे. गाईम्हशींच्या याच दुखण्याला शेतकरी दगडी म्हणतात, काससुजी म्हणतात, आणि त्याने होणारं नुकसान त्यांना चांगलं माहीत असतं. खाऱ्या दुधातून वीज सहज वाहते, म्हणून मोठ्या डेअऱ्यांत दूध काढण्याच्या यंत्रातच विद्युतवाहकता मोजायची सोय असते. दुसरी चाचणी तर गोठ्यातच करता येते. 1957 साली कॅलिफोर्नियात ती तयार झाली. चार खळग्यांच्या तबकडीत चार सडांचं दूध वेगवेगळं पिळायचं, त्यात साबणासारखं एक द्रावण घालायचं आणि तबकडी गोल फिरवायची. चांगलं दूध पाण्यासारखं हिंदकळतं. दुखऱ्या सडाचं दूध बघता बघता दाट होतं आणि शेंबडासारखी तार धरतं. ती तार म्हणजे डीएनए. सूज असलेल्या कासेत पांढऱ्या पेशींचे थवे आलेले असतात, द्रावणाने त्यांच्या भिंती विरघळतात आणि आतले लांबलचक धागे एकमेकांत गुंततात. जीवशास्त्राचा इतका उघडावाघडा प्रयोग दुसरा मी तरी पाहिलेला नाही.

माणसांतही हेच घडतं. दूध पाजणाऱ्या दर शंभरातल्या काही जणींना, काही पाहण्यांनुसार तर वीसजणींपर्यंत, कधी ना कधी स्तनदाह होतो आणि तो बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच होतो. निरोगी आईच्या दुधातल्या पेशींमध्ये पांढऱ्या पेशींचं प्रमाण शेकडा एक-दोन असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की संसर्ग झाला की ते नव्वदीच्या पुढेही जाऊ शकतं. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल, की असलं दूध बाळाला द्यायचं नाही. खरं उलट आहे. या पेशी आईच्या बाजूने लढतायत, आणि दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या, ठणठणीत बाळाला ते दूध पाजायला हरकत नसते. (आईला एचआयव्हीची लागण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे त्या बाजूचं दूध द्यायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.)

पण सूज का येते? इथे आपल्या डोक्यातलं स्तनाचं चित्र आधी बदलावं लागतं. सर अ‍ॅस्टली कूपर या लंडनच्या शल्यविशारदाने 1840 साली मृत स्त्रियांच्या स्तनांतल्या दुधाच्या नळ्यांत रंगीत मेण भरून त्यांचे नकाशे काढले. देखणं काम होतं. पुढची दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांतली चित्रं जवळपास त्याच्यावरच चालली. पंधरा-वीस जाड नळ्या, बोंडामागे त्यांचे फुगीर हौद, आणि हौदात साठलेलं दूध. मग पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात जिवंत, दूध पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी झाली आणि 2005 साली निष्कर्ष छापून आले. बोंडाशी उघडणाऱ्या नळ्या सरासरी नऊच निघाल्या. हौद तर दिसलेच नाहीत. नळ्यांची रुंदी जेमतेम दोन मिलिमीटर, त्या कातडीच्या अगदी लगत, आणि सोनोग्राफीचा दट्ट्या जरा जोरात टेकवला तरी दबून बंद होणाऱ्या. मेण दाबून भरल्यावर नळ्या फुगणारच. कूपरने पाहिलं ते खोटं नव्हतं, पण ते मेणाने फुगलेलं होतं.

म्हणजे स्तनात दुधाची टाकी नाही. आहे ते अत्यंत नाजूक नळ्यांचं जाळं, आणि त्याच्या टोकांना मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या असंख्य पिशव्या. दूध तिथे, पिशवीत असतं. प्रत्येक पिशवीला बाहेरून स्नायूसारख्या पेशींनी विळखा घातलेला असतो, आणि तो आवळला गेल्याशिवाय दूध बाहेर येत नाही. तो आवळायचा हुकूम देतं ऑक्सिटोसिन. विन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 साली ते प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बाळ ओढायला लागतं, मेंदूच्या तळातून ऑक्सिटोसिन सुटतं आणि मिनिटभरात पान्हा फुटतो. नुसतं बाळाचं रडणं ऐकलं तरी फुटतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, स्तनरोगांच्याच अध्यायात, हे निरीक्षण आहे: अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, अगदी आठवणीनेही दूध वाहू लागतं. मुलींच्या स्तनांतल्या वाहिन्यांची तोंडं मिटलेली असतात म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत, गरोदर आणि बाळंत झालेल्या स्त्रियांत ती उघडतात, असंही तिथे म्हटलंय. संप्रेरक हा शब्दही नव्हता त्या काळात!

पर्थच्याच सोनोग्राफीत आणखी एक गोष्ट दिसली, ती मला सगळ्यांत थक्क करणारी वाटते. पान्हा फुटला की नळ्या रुंदावतात आणि दुधातले स्निग्धांशाचे कण पडद्यावर ठिपक्यांसारखे बोंडाकडे धावताना दिसतात. पान्हा ओसरला की नळ्या आकसतात, आणि न प्यायलेलं दूध उलट फिरून पिशव्यांकडे परत जातं. त्याच्याबरोबर बाळाच्या तोंडातलं काहीबाहीही आत जात असणार, हे उघड आहे. पहिल्या विचारात हा तर जंतूंना आमंत्रण देणारा दोषच वाटतो. पण लाळ आणि दूध एकत्र आल्यावर काय होतं, हे ब्रिस्बेनच्या संशोधकांनी 2015 साली तपासलं. तान्ह्या बाळाच्या लाळेत हायपोझँथिन आणि झँथिन ही द्रव्यं मोठ्या माणसाच्या लाळेपेक्षा कितीतरी जास्त असतात. आईच्या दुधात झँथिन ऑक्सिडेझ नावाचं एन्झाइम असतं. दोन्ही मिसळली, की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखम धुवायला फेसाळणारं द्रावण वापरतात ना, तेच, अगदी अल्प प्रमाणात. तेवढ्याने प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू रोखला गेला. स्तनदाहातला मुख्य आरोपी हाच.

दुधात जंतू मुळात असतातच. आईचं दूध निर्जंतुक असतं ही समजूत या शतकाच्या सुरुवातीला मोडली. माद्रिदच्या गटाने 2003 साली निरोगी आयांच्या दुधात लॅक्टिक आम्ल बनवणारे जंतू दाखवले, आणि त्यानंतर यादी वाढतच गेली. स्टॅफिलोकोकाय तर जवळपास सगळ्याच दुधांत सापडतात. त्यामुळे 'जंतू शिरला आणि आजार झाला' इतकी सरळ ही कहाणी नाही. वस्ती नेहमीचीच असते, तिचा तोल जातो.

हा तोल राखणारी हत्यारं दुधातच आहेत. लॅक्टोफेरिन जंतूंच्या तोंडचं लोह पळवतं. लायसोझाइम त्यांच्या भिंती कापतं. या लायसोझाइमची गंमत सांगायलाच हवी. 1922 साली अलेक्झांडर फ्लेमिंगने सर्दी झालेल्या नाकातल्या शेंबडात ते ओळखलं. त्याच्या जनुकाची कोट्यवधी वर्षांपूर्वी एक जादा प्रत तयार झाली, ती हळूहळू बदलत गेली आणि तिच्यापासून अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन आलं. या प्रथिनाशिवाय दुधातली साखर बनत नाही. म्हणजे जंतू मारणाऱ्याच्याच वंशातलं एक जण दूध गोड करतंय! झँथिन ऑक्सिडेझचं तसंच आहे. ते जंतूंशी लढतं, आणि पेशीतून स्निग्धांशाचे थेंब बाहेर पडायलाही त्याचीच गरज लागते. या साऱ्यावरून 2006 साली काही शास्त्रज्ञांनी तर्क मांडला, की दुधाची ग्रंथी मुळात कातडीच्या संरक्षणव्यवस्थेतूनच उत्क्रांत झाली असावी. पिल्लाला पोसणं हे नंतर आलं, आधी आलं ते जखमेचं आणि कातडीचं रक्षण. हा तर्कच आहे, सिद्ध झालेला इतिहास नव्हे. पण तो मनात ठेवला, की स्तनाला एवढ्या पटकन सूज का येते हे कोडं राहत नाही. सूज हा या अवयवाचा जुना धंदा आहे.

स्तनदाहाच्या उपचारांत अलीकडे झालेली उलथापालथ समजायला हीच किल्ली उपयोगी पडते. जुनं चित्र नळी तुंबल्याचं होतं, त्यामुळे उपायही तुंबलेल्या नळीचे होते. गरम शेक द्या, गाठ रगडून फोडा, पंप लावून स्तन पूर्ण रिकामा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2000 सालच्या पुस्तिकेतही दूध नीट काढून टाकण्यावर सगळ्यांत जास्त भर होता. 2022 साली स्तनपानवैद्यकाच्या अमेरिकेतल्या अकॅडमीने नवी मार्गदर्शिका काढली आणि यातलं बरंचसं उलटं केलं. तिचं म्हणणं असं, की दुधाचा एखादा खडा एखाद्या नळीत अडकलाय हे रचनेच्या दृष्टीने पटण्यासारखं नाही. आजूबाजूचं ऊतक सुजतं, त्याच्या दाबाने दोन मिलिमीटरच्या नळ्या बाहेरून चेपल्या जातात. अशा भागाला रगडलं तर बारीक केशवाहिन्या फुटतात आणि सूज वाढते. पंपाने रिकामं करायला गेलं तर ग्रंथीला वाटतं गिऱ्हाईक वाढलं, कारण किती दूध बनवायचं हे प्रत्येक स्तन आपापल्यापुरतं, किती उपसलं गेलं त्यावरूनच ठरवतो. उद्या तो आणखी दूध बनवतो आणि गर्दी आणखी वाढते. सगळेच स्तनपानतज्ज्ञ या बदलाशी सहमत नाहीत, विशेषतः ज्यांनी वर्षानुवर्षं स्तन मोकळा करून बायकांना आराम पडताना पाहिलाय ते. पण पाजणं थांबवू नका, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

मग करायचं काय? बाळाला भूक लागेल तसं नेहमीसारखं पाजत राहायचं, दुखऱ्या बाजूलाही, त्याहून जास्त उपसा करायचा नाही. बाळ त्या बाजूला तोंडच लावत नसेल, तर ते एरवी जेवढं प्यायलं असतं तेवढंच हाताने काढायचं. तासा-दोन तासांनी पातळ फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरायचा. दुखणं आणि सूज उतरायला डॉक्टरांना विचारून आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल, दोन्ही पाजत्या आईला चालतात. मसाज करायचाच तर मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा इतका हलका, आणि तो बोंडाकडे नव्हे, काखेकडे किंवा गळ्याच्या हाडाकडे. कारण ओसरवायचं आहे ते कातडीलगतच्या लसीकावाहिन्यांतलं पाणी, दूध नव्हे.

बर्फ म्हटल्यावर घरात वादळ होणार हे मला माहीत आहे. बाळंतिणीच्या कानाला फडकं, खोलीत शेगडी, आणि छातीवर बर्फ? बाळाला सर्दी होईल! होत नाही. दूध शरीराच्या आतल्या उष्णतेवर असतं, कातडीवरच्या फडक्याने ते थंड पडत नाही. पाजायच्या आधी कुणाला कोमट फडक्याने बरं वाटत असेल तर तेही चालेल, पण ते तात्पुरतं सुख, उपचार नव्हे. खरी भीती मला वाटते ती मालीशवाल्या बाईंच्या अंगठ्याची. त्यांचे हात पाठीला नि कमरेला वरदान असतात. छातीतली गाठ मात्र त्यांच्या हाती द्यायची नाही.

चोवीस तासांत उतार पडला नाही, ताप चढत राहिला, लाली पसरत गेली, किंवा बोंडाच्या चिरेतून पू दिसला, तर डॉक्टरांकडे जायचं, आणि आई फार आजारी दिसत असेल तर चोवीस तासही थांबायचं नाही. आता हा जंतूंचा संसर्ग असू शकतो आणि प्रतिजैविक लागेल. फ्लेमिंगला 1928 साली पेनिसिलिन ज्या बशीत सापडलं, तिच्यात त्याने स्टॅफिलोकोकसच वाढवले होते. पण त्या जंतूच्या बहुतेक वाणांनी साधं पेनिसिलिन कधीच पचवलंय, म्हणून आता क्लॉक्सॅसिलिनच्या जातीची किंवा सेफॅलेक्सिनसारखी औषधं देतात, सहसा दहा ते चौदा दिवस. ती घेतानाही पाजता येतं. औषधाला न जुमानणारे वाण आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यामुळे दोन दिवसांत फरक पडला नाही तर दूध कल्चरला पाठवण्याचा आग्रह धरावा. घरात उरलेली, शेजारणीला लागू पडलेली गोळी घेऊ नये.

स्तनदाह झालेल्या शंभरातल्या तीन ते अकरा जणींना पुढे गळू होतं. पूर्वी भूल देऊन मोठी चीर पाडत. आता बऱ्याचदा सोनोग्राफीत पाहत पाहत सुईने पू ओढून काढतात, लागलं तर दोन-तीनदा, आणि बाळ पीत राहतं. औषधांनी आणि पू काढूनही जी गाठ हटत नाही, ती मात्र नुसतं दूध साकळलंय म्हणून सोडून द्यायची नाही. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोग आजही दिसतो, आणि सुजेचं रूप घेऊन येणारा एक कर्करोगही असतो. तपासणी करून घ्यावी.

हे सगळं टाळता येतं का? पूर्णपणे नाही. पण बाळाने नुसतं बोंड न चोखता भोवतालचा काळा भागही तोंडात घेतला, तर चिरा पडत नाहीत आणि दूध नीट निघतं. बऱ्याच दुखण्यांचं मूळ इथेच असतं आणि पहिल्या आठवड्यात जाणत्या माणसाने शेजारी बसून बघितलं तर ते सुटतंही. सरकारी योजनेत आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्यांना बाळाचं वजन करून परत पाठवू नका, समोर पाजून दाखवा. या घरभेटींची कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत पारखली गेली, 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे परिणाम छापून आले, आणि मग ती देशभर गेली. बाकी पथ्यं साधी. काचणारी ब्रा नको. रात्रीच्या रात्र पाजणं एकदम बंद नको. नोकरीवर रुजू होताना आठवडाभर आधीपासून वेळा हळूहळू बदलाव्यात. आणि दूध भरपूर येत असताना आणखी यावं म्हणून अळीव, शतावरी नि पंप यांचा मारा करू नये. जास्त दूध ही स्तनदाहाला मिळालेली वाट आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती बाळाबद्दल आहे. आईच्या संप्रेरकांमुळे पुष्कळ नवजात बाळांची छाती फुगते, मुलग्यांचीसुद्धा, आणि कधी कधी तिथून दुधाचे थेंबही येतात. हे दूध पिळून काढलं नाही तर पुढे त्रास होतो, अशा समजुतीने न्हाऊमाखू घालताना ती छाती दाबायची पद्धत अनेक घरांत अजून आहे. त्यातून त्या इवल्या ग्रंथीत स्टॅफिलोकोकस शिरतो, गळू होतं आणि मुलगी असेल तर तिच्या स्तनाच्या वाढीलाच कायमची इजा पोचू शकते. फुगलेल्या छातीला हात लावायचा नाही. काही आठवड्यांत ती आपोआप बसते.